हर्सूलची नहर आणि काचेचा तंतू

दिल्ली दरवाज्यातून बाहेर पडून अजिंठ्याच्या रस्त्याने निघाले म्हणजे जे हर्सूल लागते, ते आज तलाव, मध्यवर्ती कारागृह आणि हरसिद्धी देवीचे देवालय यांमुळे सर्वपरिचित असले, तरी औरंगाबाद शहराच्या पूर्वेतिहासात त्याला जे स्थान आहे ते भूमीच्या पोटातून वाहणाऱ्या पाण्यामुळे. मलिक अंबराने 1610 मध्ये खडकी येथे, म्हणजे याच शहराच्या जागी, निजामशाहीची राजधानी वसविली, आणि लष्कर, कारखाने व रयत यांची तहान भागविण्यासाठी त्याच दशकात हर्सूलच्या बाजूने, खाम नदीच्या खोऱ्यातील भूजल गोळा करून, काळ्या पाषाणातून माणूस चालू शकेल एवढ्या भुयाराने शहरात आणण्याची तजवीज केली. तीच नहर-ए-अंबरी. पुढे जटवाड्याकडून पाणचक्कीपर्यंत जी नहर आली, तिचे पाणी खापराच्या नळांतून, केवळ उताराच्या बळावर चालत असे. नहर हौदापर्यंत येई. हौदापासून घरापर्यंतची वाट घागरीची किंवा पखालीची होती. मुख्य प्रवाह आणि शेवटची काही पावले यांतला हा भेद आजच्या एका घरगुती प्रश्नाचे मर्म आहे, असे मला वाटते.

तो प्रश्न म्हणजे घरात ‘फायबर’, म्हणजे काचेचा तंतू, घ्यावे की ‘वायफाय’. खरे पाहता ही निवड दोन समकक्ष वस्तूंमधली नाहीच. वायफाय ही घरातल्या घरात फिरणारी लहर असून बाहेरून जो प्रवाह येईल तोच ती खोल्याखोल्यांत पोहोचविते. तो प्रवाह काचेच्या तंतूने आला, दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेने आला की मोबाईलच्या मनोऱ्यावरून आला, हा खरा विचाराचा विषय.

बिनतारी लहरींशी या शहराचा परिचय जुना आहे. हैदराबादच्या निजामाच्या अंमलात औरंगाबादेस नभोवाणी केंद्र होते, आणि 1947 मध्ये देशभरातील संस्थानी मुलखांत जी पाच केंद्रे होती त्यांत हैदराबादबरोबर औरंगाबादचीही गणना होई. त्या काळी आकाशातील लहरींवर सरकारची मालकी कडक असे; ब्रिटिश मुलखात 1933 च्या कायद्याने बिनतारी यंत्र बाळगण्यास परवाना लागे आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे रेडिओचा परवाना टपाल कचेरीतून काढावा लागे. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्याला परवान्यातून पूर्ण मोकळीक मिळाली ती 2005 च्या जानेवारीत; आज घरोघरी जो राउटर कोणाला न विचारता चालतो, त्यामागे हा हुकूम आहे.

काचेच्या तंतूचा इतिहास तर या शहराला अधिकच जवळचा. चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी 1966 मध्ये असे प्रतिपादन केले, की काच पुरेशी शुद्ध केली आणि एका किलोमीटरनंतर प्रकाशाचा शंभरातला एक भाग जरी उरला, तरी तिच्यातून संदेश पाठविता येईल. 1970 मध्ये अमेरिकेतील कॉर्निंगने ते साधले आणि आज त्याच अंतरानंतर शंभरांतले सुमारे 95 भाग शिल्लक राहतात. अशी काच सुमारे 2000 अंश उष्णतेत वितळवून मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढा तंतू ओढणारा स्टरलाइटचा कारखाना आपल्याच वाळूजमध्ये आहे, ही गोष्ट हर्सूलच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावी.

तांब्याच्या तारेतील वेग काही किलोमीटरांतच मंदावतो, तसा या तंतूतला मंदावत नाही, आणि विजेच्या कडकडाटाचा उपद्रव त्याच्यातल्या प्रकाशाला होत नाही. मनोऱ्यावरून येणाऱ्या जोडणीत मात्र त्या मनोऱ्याची क्षमता सर्व वस्तीत वाटली जाते, म्हणून संध्याकाळी ती अनेकदा आखडते. तंतूही बत्तीस किंवा चौसष्ट घरांत विभागला जातो, पण त्याचे मूळचे सामर्थ्य एवढे मोठे असते की वाटणी सहसा जाणवत नाही. गावठाणाच्या गल्लीत तंतू आलेला असेल, तर निःशंकपणे तोच घ्यावा. सावंगीकडच्या नव्या प्लॉटांत तो अद्याप पोहोचला नसेल, तर छपरावरच्या अँटेनावर तूर्त भागवावे. घरात शिरल्यावर जाड दगडी भिंतींपलीकडे 5 गिगाहर्ट्झची लहर क्षीण होते, 2.4 ची अधिक टिकते. म्हणून राउटर कोपऱ्यात न ठेवता मध्यघरात ठेवावा.

एक गोष्ट मात्र नहरींच्या दुर्दशेकडे पाहून मनात सलत राहते. एवढे कुशल काम, आणि रस्ते व इमारती वर चढत गेल्या तसतसे ते जागोजाग दबले, फुटले, विसरले गेले. दुरुस्तीचा जिम्मा कोणाचा, हे ठरविणारे कोणी उरले नाही. खांबांवरून लोंबणारा किंवा उथळ चरातून नेलेला तंतूही खोदकामात असाच तुटतो, आणि तांब्याच्या तारेसारखा हाताने पिळून जोडता येत नाही. दोन टोके सूक्ष्म यंत्रात समोरासमोर आणून विजेच्या ठिणगीने सांधावी लागतात. ते यंत्र घेऊन कारागीर किती तासांत दारी येतो, हे जोडणीचे पैसे भरण्यापूर्वी गल्लीतल्या शेजाऱ्याला विचारून घ्यावे.