सव्वाआठ फुटांची वाट

मंडळी, आपल्याकडे किल्ल्यांचा इतिहास लिहितात, आरमाराचा लिहितात. वाटांचा फारसा कोणी लिहीत नाही. रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत माणसं पिढ्यान् पिढ्या चालली ती कशावरून? वाड्यांच्या कुंपणांमधल्या पाणंदीतून, दगडी पाखाड्यांवरून, खारजमिनीच्या बांधांवरून, आणि ओहोटी असेल तर सरळ पुळणीवरून.

या वाटा म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हती. भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावचा नकाशा काढून बघा. तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीवाट, तुटक एकेरी रेषा म्हणजे पायवाट. या पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरतात, म्हणजे साधारण अडीच मीटर. आज इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषात पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आहे. गंमत आहे ना? जुन्या मोजणीने पायी चालणाऱ्याला आजच्यापेक्षा जास्त जागा दिली होती!

कायदाही होता, आणि अजून आहे. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याप्रमाणे २० वर्षं उघडपणे, तंट्याशिवाय, हक्काने आणि खंड न पडता वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क मिळतो. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यात शेती, झाडं, मासेमारी, विहिरी आणि तिथे नेणाऱ्या वहिवाटीच्या वाटा यांना संरक्षण आहे. वाट अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र सहा महिन्यांच्या आत.

मग बदललं काय? १९८० ते ८२ या काळात मुख्यमंत्री असलेल्या बॅ. अंतुले यांनी रेवस ते रेडी या सागरी मार्गाचं स्वप्न पाहिलं. पुलांअभावी खाड्यांपाशी अडणाऱ्या लोकांना त्याची गरज होतीच. २०२० मध्ये मांडव्याला रो-रो सुरू झाली, २०२४ मध्ये अटल सेतू झाला. शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ लागते. रो-रोतून सायकली घेऊन हौशी मंडळीही उतरतात. मला त्यांचं कौतुकच वाटतं. पण शाळेत सायकलने जाणारी मुलगी, डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण आणि काठी टेकत देवळात निघालेल्या आजी रोज त्याच डांबराच्या कडेने चालतात. रस्ता रुंद करावा तर नारळी-पोफळी जातात, न करावा तर माणसं जिवावर उदार होऊन चालतात.

म्हणून मला वाटतं, नवे ट्रॅक मागण्याआधी जुन्या वाटा मोकळ्या करून घ्याव्यात. कित्येक पाणंदी मोठ्या रस्त्याला समांतरच जातात. झाडं न तोडता तिथून चालता येईल, सायकलही जाईल. पुढच्या ग्रामसभेला गावनकाशा सोबत न्या आणि एकेक तुटक रेषा गावात कुठे आहे ते दाखवायला सांगा. आणि तिच्यावर एखादी नवी भिंत उभी राहिलेली दिसली, तर ते सहा महिने तेवढे लक्षात असू द्या.