बंदरावरचा एक दिवस



लांबचा जलप्रवास करून आलेल्या माणसाला त्याच्या प्रवासाविषयीं विचारावें, तर तो समुद्राविषयीं फारसें बोलत नाहीं. समुद्राचें वर्णन दोन वाक्यांत संपतें. तो बोलतो बंदरांविषयीं. आठ-पंधरा दिवसांच्या निळ्या एकसुरीपणांत ज्या दोन-चार दिवशीं त्याचे पाय जमिनीला लागले, तेच दिवस त्याच्या स्मरणांत घर करून राहिलेले असतात. सकाळीं जहाजावरून उतरावें, सायंकाळीं परत चढावें, आणि मधल्या सात-आठ तासांत एका अनोळखी शहराशीं ओळख करून घ्यावी, असा हा दिवस. या दिवसालाहि एक इतिहास आहे, आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर तो फार स्पष्टपणें वाचतां येतो. आज त्याविषयींच चार शब्द सांगण्याचा माझा विचार आहे.

ऑस्ट्रेलियाच्या बंदरांची सहल करण्यास निघालेला मनुष्य प्रथम विचारतो, "तेथें पाहण्यासारखें काय आहे?" माझ्या मतें हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा कीं, जहाज उभें कोठें राहणार आणि शिडी केव्हां उचलली जाणार? दिवसाची लांबी या दोन गोष्टींवर अवलंबून असते. त्यांतली पहिली गोष्ट तर आपल्या जन्मापूर्वींच्या माणसांनीं आपल्यासाठीं ठरवून ठेविली आहे.

पश्चिमेकडूनच आरंभ करूं; कारण मुंबई-कोलंबोकडून जाणाऱ्या आगबोटींना ऑस्ट्रेलियाचें पहिलें दर्शन त्याच बाजूस होत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टपालाच्या आगबोटी दक्षिणेकडील ऑल्बनी येथें थांबत. वसाहतीची राजधानी पर्थ तेथून सुमारें अडीचशें मैल दूर. तेव्हां बंदरावर एक दिवस मिळालेल्या प्रवाशाला राजधानीचें दर्शन स्वप्नांतहि घडण्यासारखें नव्हतें. फ्रीमँटल हें गांव पर्थपासून अवघ्या बारा मैलांवर, स्वान नदीच्या मुखाशीं वसलेलें होतें. परंतु त्या मुखांत चुनखडीच्या खडकाचा उंबरठा आडवा पडला होता आणि मोठें जहाज आंत शिरूं शकत नसे. १८९१ सालीं सी. वाय. ओकॉनर हा आयरिश एंजिनियर वसाहतीचा मुख्य एंजिनियर म्हणून आला. बंदर बाहेर समुद्रांत बांधावें, असें थोर तज्ज्ञांचें मत पडलें होतें. ओकॉनरनें खडक सुरुंगांनीं फोडून नदीचें मुखच खोल करण्याचें ठरविलें. ४ मे १८९७ रोजीं 'सुलतान' नांवाची आगबोट आंत आली, आणि १९०० सालीं टपालाच्या आगबोटींनीं ऑल्बनी सोडून फ्रीमँटल धरलें.

ओकॉनरला या यशाचें सुख फार काळ लाभलें नाहीं. सोन्याच्या खाणींपर्यंत तीनशेंहून अधिक मैल नळानें पाणी नेण्याचें दुसरें प्रचंड काम त्यानें हातीं घेतलें होतें. त्यावर टीकेचा भडिमार झाला. १० मार्च १९०२ रोजीं तो घोड्यावर बसून फ्रीमँटलच्या दक्षिणेस समुद्रकिनाऱ्यावर गेला आणि तेथें त्यानें आत्महत्या केली. पुढल्याच वर्षीं पाणी खाणींपर्यंत पोंचलें. आज आपलें जहाज ज्या वाटेनें धक्क्याशीं येतें ती वाट त्याची आहे. बंदरावर त्याचा पुतळा आहे. उतरल्यावर क्षणभर त्याच्यापुढें थांबावें.

फ्रीमँटलला दिवसाचे दोन भाग करावे. १८८१ पासून चालू असलेल्या आगगाडीनें अर्ध्या तासांत पर्थ गांठावें, किंग्ज पार्कच्या टेकडीवरून नदी व शहर पाहावें, आणि दुपारीं परत यावें. मग १८३१ सालचें राउंड हाउस व कैद्यांनींच बांधलेला मोठा तुरुंग हीं दोन्ही पायीं पाहतां येतात. दूरचें आधीं, जवळचें मागून, हा नियम सर्व बंदरांना लागू आहे. शेवटला तास शक्य तों जहाजाच्या जवळपासच काढावा.

ॲडिलेडची गोष्ट निराळी. कर्नल विल्यम लाइट यानें १८३६ सालीं शहरासाठीं जागा निवडली ती समुद्रालगत नव्हे, तर आंत मैदानांत, नदीच्या कांठीं. शहर सुरेख झालें. बंदर मात्र दूर राहिलें. मोठ्या आगबोटी लार्ग्ज बेपुढें उघड्या समुद्रांत नांगर टाकीत आणि प्रवाशांना लहान नावांतून धक्क्यावर आणावें लागे. वारा सुटला म्हणजे ही चढउतर मोठी कठीण होई. १९०८ सालीं आउटर हार्बर हें नवें बंदर खुलें झालें आणि आगगाडीचे रूळ तेथपर्यंत नेण्यांत आले. शहर आजहि चौदा मैल दूरच आहे. परंतु जहाजांतून उतरून गाडींत बसतां येतें.

येथें घड्याळाविषयीं एक सूचना करतों. दक्षिण ऑस्ट्रेलियाचें घड्याळ १८९९ पासून पूर्वेकडील राज्यांच्या अर्धा तास मागें चालतें, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाचें दोन तास मागें. त्यांतून उन्हाळ्यांत कांहीं राज्यें घड्याळ एक तास पुढें करतात, कांहीं करीत नाहींत. जहाजावर कोणती वेळ पाळली जाते हें उतरण्यापूर्वीं विचारून घ्यावें. अर्ध्या तासाची चूक सकाळीं क्षुल्लक वाटते. सायंकाळीं तीच जहाज चुकविते.

मेलबर्नला बंदर आणि शहर यांतलें अंतर सोन्यानें लौकर तोडलें. १८५१ सालीं व्हिक्टोरियांत सोनें सांपडलें, जहाजांची रीघ लागली, आणि १२ सप्टेंबर १८५४ रोजीं शहरापासून सँडरिजच्या धक्क्यापर्यंत अडीच मैलांची आगगाडी सुरू झाली. वाफेवर चालणारी ती ऑस्ट्रेलियांतली पहिली आगगाडी. आपल्याकडे मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी गेली, त्यानंतर अवघ्या सतरा महिन्यांनीं ही गोष्ट घडली. सँडरिजचें पुढें पोर्ट मेलबर्न झालें, १९३० पर्यंत तेथें स्टेशन पियर हा मोठा धक्का बांधून पुरा झाला, आणि १९८७ सालीं आगगाडीच्या जागीं ट्राम आली.

शहर इतकें जवळ असतां पुष्कळ प्रवासी एका दिवसांत ग्रेट ओशन रोडची दौड मारूं पाहतात. पहिल्या महायुद्धांतून परतलेल्या सैनिकांनीं १९१९ ते १९३२ या काळांत बांधलेला हा रस्ता खरोखर भव्य आहे. परंतु 'ट्वेल्व्ह अपॉसल्स' नांवाचे समुद्रांतले सुळके मेलबर्नपासून शंभराहून अधिक मैल दूर. सारा दिवस मोटारींत जातो आणि मनांत एकच धास्ती राहते, कीं परतायला उशीर तर होणार नाहीं ना! त्यापेक्षां ट्रामनें जावें, शहरांतलें वनस्पतिउद्यान व कलासंग्रह पाहावा, क्वीन व्हिक्टोरिया मार्केटांत हिंडावें, आणि निवांतपणें परत यावें.

सिडनीला निसर्गानेंच सर्व कांहीं दिलें होतें. खोल पाणी थेट शहराच्या पायथ्याशीं आलेलें. तेथें मनुष्यानें दिवसाची वांटणी केली ती पुलानें. १९ मार्च १९३२ रोजीं हार्बर ब्रिज खुला झाला. त्याखालून जाऊं न शकणारीं उंच जहाजें सर्क्युलर की येथें लागतात. तेथें १९६० सालीं प्रवाशांसाठीं मोठी इमारत झाली आणि समोर १९७३ सालीं ऑपेरा हाउस उघडलें. ज्याचें जहाज येथें लागलें त्यानें वाहनाचा विचारहि करूं नये; पायांखालीं शहर आणि शेजारीं मॅन्लीची फेरीबोट. ठेंगणीं जहाजें पुष्कळदां पुलापलीकडे व्हाइट बे येथें जातात. तें बंदर २०१३ चें, आणि तेथें आगगाडी नाहीं. नांव एकच, सिडनी. परंतु एकाचा दिवस दुसऱ्याहून तासाभरानें आंखूड होऊं शकतो.

जेथें एंजिनियर पोंचला नाहीं, तेथें समुद्राचीच सत्ता चालते. २३ डिसेंबर १९३२ रोजीं 'स्ट्रॅथेअर्ड' ही आगबोट केवळ सहलीसाठीं सिडनीहून निघाली; पी. अँड ओ. कंपनीची ऑस्ट्रेलियांतून निघालेली ती पहिली सहल. ती ब्रिस्बेन व नॉरफोक बेटास गेली. नॉरफोक बेटाला बंदर नाहीं. लहान होडींतून उतरावें लागतें, आणि समुद्र खवळला तर बेट दुरूनच पाहून परतावें लागतें. टास्मानियांत पोर्ट आर्थरलाहि जहाज नांगरावर राहतें. अशा ठिकाणीं होडीची वाट पाहण्यांत जाणारा वेळ आधींच वजा करावा, आणि होडी सुटलीच नाहीं तर मन उदास होऊं देऊं नये.

येथवर मी प्रवाशाच्या दिवसाविषयीं बोललों. परंतु त्याच जहाजावर आणखी एक वस्ती असे. 'स्ट्रॅथनेव्हर' १९३१ सालीं मुंबईवरून ऑस्ट्रेलियास गेली. पी. अँड ओ. च्या अशा जहाजांवर डेकवरचे खलाशी व त्यांचे सारंग पुष्कळ वेळां आपल्या रत्नागिरीकडचे असत, आणि जेवणघरांतले नोकर गोमंतकीय. त्यांच्या वांट्याला कोणता दिवस येत असे?

१९०१ सालीं ऑस्ट्रेलियाच्या नव्या संसदेनें गोऱ्यांखेरीज इतरांस देशांत येऊं न देण्याच्या हेतूनें कायदा केला. रंगाचा शब्द त्यांत घातला नव्हता. येणाऱ्याला युरोपांतल्या एखाद्या भाषेंत पन्नास शब्दांचें श्रुतलेखन घालावें, एवढेंच होतें. भाषा कोणती, हें अंमलदार ठरवी. म्हणजे निकाल आधींच ठरलेला! खलाशाला जहाज बंदरांत असेपर्यंत उतरण्याची मुभा होती. मात्र अंमलदारानें मागणी केल्यास, निघण्यापूर्वीं सर्व खलाशांना त्याच्यासमोर हजर करून गणती द्यावी लागे. आणि एखादा कमी भरून देशांत राहिला, तर माणसामागें शंभर पौंडांचा दंड होता. त्याच वर्षींच्या टपालाच्या कायद्यानें ऑस्ट्रेलियाचें टपालाचें कंत्राट केवळ गोऱ्या खलाशांच्या जहाजांना राखून ठेविलें. एकाच शिडीवरून उतरणाऱ्या दोन माणसांपैकीं एकाला शहर पाहुणा समजत होतें आणि दुसऱ्याला फरारी होण्याच्या बेतांत असलेला.

१९४५ सालीं मात्र सिडनींत निराळाच प्रसंग घडला. इंडोनेशियाचें स्वातंत्र्य दडपण्यासाठीं निघणाऱ्या डच जहाजांवर काम करण्याचें नाकारून भारतीय खलाशी खालीं उतरले. योरिस इव्हेन्स यांच्या १९४६ सालच्या 'इंडोनेशिया कॉलिंग' या बोलपटांत ते दिसतात. ज्यांचें उतरणें इतकीं वर्षें मोजलें जात होतें, त्यांनीं त्या दिवशीं तें आपल्या इच्छेनें केलें. श्रुतलेखनाची परीक्षा पुढें १९५८ च्या कायद्यानें रद्द झाली.

असो. आजच्या सहलीच्या जहाजांवरहि गोव्याचे व मुंबईचे पुष्कळ लोक काम करतात. त्यांना जमीन मिळते ती पाळींतून मोकळें झाल्यावर, कधीं दोन तास, कधीं तीन. इतक्या थोड्या वेळांत जवळची बाग कोणती, घरीं बोलण्यास शांत जागा कोठें, परतायला किती मिनिटें लागतात, हें त्यांना अचूक ठाऊक असतें. म्हणून बंदरावरच्या दिवसाचा बेत आंखतांना छापील पुस्तक जरूर वाचावें, परंतु आदल्या सायंकाळीं आपली खोली आवरणाऱ्या त्या आपल्याकडच्या माणसाला एकदां विचारावें, "दादा, तुम्हांला उद्यां दोनच तास मिळाले, तर तुम्ही कोठें जाल?" त्याचें उत्तर ऐकून घ्यावें, आणि त्याला ते दोन तास मिळोत अशी मनांत इच्छा करावी.