व्यावसायिक संदेशलेखन : स्पष्टता आणि संक्षेप

मागणी, भाव, माल पोहोचल्याची पावती, वसुली, तक्रार अशा व्यवहारांसाठी लिहिल्या जाणाऱ्या मजकुराला व्यावसायिक संदेश म्हणतात. पत्र, तार, ईमेल, एसएमएस, व्हॉट्सॲप ही त्याची त्या त्या काळातली रूपे. उलट फोन न करता वाचणाऱ्याला पुढचे काम करता आले तर संदेश स्पष्ट. त्या कामाला न लागणारे त्यात काही नसेल तर संक्षिप्त. किती गाळता येईल हे लिहिणाऱ्याच्या शैलीपेक्षा दोन्ही बाजूंना आधीच काय ठाऊक आहे यावर ठरते.

ही गोष्ट १८७२ च्या भारतीय करार कायद्यात नेमकी पकडलेली आहे. कलम २९ प्रमाणे ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार रद्दबातल ठरतो. उदाहरणे कायद्यातच दिली आहेत. ‘शंभर टन तेल’ विकायचे ठरले, पण कोणते तेल हे कळायला काहीच मार्ग नाही. करार टिकत नाही. विकणारा केवळ खोबरेल तेलाचा व्यापारी असेल, तर मात्र तेच शब्द पुरतात. पांढरा घोडा ‘पाचशे किंवा हजार’ रुपयांना देण्याचा करारही असाच निकालात निघतो.

तारेच्या काळात संक्षेपाला रोख किंमत होती. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून पेढ्या एका शब्दाचा तारेचा पत्ता नोंदवून घेत आणि अख्ख्या वाक्यासाठी एकच सांकेतिक शब्द देणारी कोशपुस्तके वापरत. पुस्तक दोन्ही टोकांना असले की काम भागे. पण एक अक्षर चुकले तर सावरायला मागेपुढे दुसरे काही नसे. १८८७ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका लोकर व्यापाऱ्याच्या तारेत ‘बे’ या सांकेतिक शब्दाचे ‘बाय’, म्हणजे ‘खरेदी करा’, झाले. त्याच्या अडत्याने लोकर विकत घेतली आणि व्यापाऱ्याला वीस हजार डॉलरहून अधिक खोट आली. जादा पैसे भरून त्याने तार उलट पडताळून घेतली नव्हती. त्यामुळे १८९४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा हक्क तारेच्या खर्चापुरताच, १ डॉलर १५ सेंट, मान्य केला. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

मुंबईच्या डबेवाल्यांची खूण या सांकेतिक शब्दांच्याच जातीची. डब्याच्या झाकणावरची मोजकी अक्षरे, आकडे आणि रंग यांतून उतरायचे स्थानक, इमारत, मजला हे सारे कळते; मात्र ते त्या साखळीतल्या माणसालाच.

मुंबईलगतच्या मीरा-भाईंदरमध्ये, दोन्ही बाजूंना काय ठाऊक आहे, हा प्रश्न पत्र्याच्या जाडीत दिसतो. भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलची भांडी बनवणारे कारखाने आहेत. पत्रा कापणे, प्रेस, पॉलिश ही कामे अनेकदा वेगवेगळ्या गाळ्यांत जॉबवर दिली जातात आणि प्रत्येक टप्प्यावर निरोप जातो. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो : स्टँडर्ड वायर गेजप्रमाणे २० गेज म्हणजे सुमारे ०.९१ मिलिमीटर, २२ गेज म्हणजे सुमारे ०.७१. त्यामुळे ‘या वेळी गेज वाढवा’ या निरोपाचे दोन उलट अर्थ निघतात. रोजच्या गिऱ्हाइकाला काय हवे ते कारागीर ओळखतो. नव्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत तो अंदाज बांधतो. किलोवर विकल्या जाणाऱ्या भांड्यांत हा फरक थेट बिलात उतरतो. ‘पातेले १० इंची, २२ गेज, ग्रेड २०२, आतबाहेर पॉलिश, ५०० नग, १२ तारखेला संध्याकाळी ५ पर्यंत’ हा निरोप लांब आहे, पण तो एकदाच पाठवावा लागतो. मालक, कारागीर आणि टेम्पोवाला यांची मातृभाषा मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी यांपैकी कोणतीही असू शकते. आकडे आणि मापे सगळ्यांना सारखीच कळतात.

तारखेचेही तसेच. रात्री उशिरा पाठवलेले ‘उद्या’ सकाळी वाचणाऱ्याला एक दिवस पुढे नेते. परदेशी गिऱ्हाइकाला ०५/०४ हा पाच एप्रिल वाटेल किंवा चार मे. महिना अक्षरात लिहिला की शंका उरत नाही. मागणे पहिल्या ओळीत, त्याचे कारण खाली आणि एका निरोपात एकच काम, अशी मांडणी फोनच्या पडद्यावर सोयीची पडते, कारण सूचनापट्टीत सुरुवातीचेच शब्द दिसतात.

मराठी एसएमएसला तांत्रिक मर्यादाही आहे. रोमन लिपीतला साधा संदेश १६० चिन्हांचा असतो, देवनागरीतला ७० चा. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त प्रत्येकी वेगळे मोजले जातात. ‘स्टेनलेस’ डोळ्यांना चार अक्षरी दिसते, मोजणीत आठ भरते. मजकूर याहून वाढला की तो तुकड्यांत जातो आणि प्रत्येक तुकड्याचा आकार स्वतंत्र लागतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यापारी एसएमएसचा साचा आधी नोंदवावा लागतो, त्यामुळे शब्दांची काटछाट पाठवण्याच्या वेळी नव्हे, नोंदणीपूर्वीच करावी लागते.

संक्षेपाची कमाल म्हणजे इमोजी. कॅनडात एका धान्य खरेदीदाराने २०२१ मध्ये जवसाच्या कराराचा फोटो पाठवून दुजोरा मागितला. शेतकऱ्याने अंगठा पाठवला. ‘करार मिळाला’ एवढेच आपल्याला म्हणायचे होते, असा त्याचा बचाव होता. दोघांचे आधीचे करार अशाच एकदोन शब्दांच्या होकारावर पार पडले होते, याकडे बोट दाखवत न्यायालयाने २०२३ मध्ये अंगठ्याला सहीचा दर्जा दिला आणि शेतकऱ्याला सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरपाई द्यायला लावली.