तारखेचा मोह : २२ ऑक्टोबर १८४४ आणि ‘महानिराशा’

१.
मंगळवार, २२ ऑक्टोबर १८४४. अमेरिकेच्या ईशान्य भागातील हजारो माणसे त्या दिवशी जगाच्या अंताची वाट पाहत होती. कित्येकांनी उभे पीक शेतातच सोडले होते, दुकाने बंद केली होती, जुनी देणी फेडली होती. ख्रिस्त आज परत येणार, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. मध्यरात्र उलटली, पहाट झाली. काहीच घडले नाही. हा दिवस इतिहासात ‘महानिराशा’ या नावाने नोंदला गेला.

२.
भाबड्या जमावाचा किस्सा म्हणून ही घटना सांगितली जाते. वस्तुतः या चळवळीचा प्रवर्तक विल्यम मिलर अभ्यासू आणि सावध गृहस्थ होता. शिवाय अशा भाकितांपासून जपण्याची शिकवण ख्रिस्ती परंपरेत शतकानुशतके दिली जात होती. मग ही तटबंदी ढासळली कुठे? #धागा

३.
तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणालाही ठाऊक नाही, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात (२४:३६) येशू स्वतः सांगतो. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर इशाराच आहे : प्रभूचा दिवस येऊन ठेपला असे कोणी दैवी प्रेरणेच्या, उपदेशाच्या किंवा प्रेषितांच्या नावाने आलेल्या पत्राच्या आधारे सांगितले, तरी डळमळू नका. बनावट पत्राची भीती पहिल्या पिढ्यांनाही होती, हे यावरून दिसते.

४.
पाचव्या शतकात ऑगस्टीनने जगाच्या अंताचे गणित मांडणाऱ्यांना बोटे मोडणे थांबवण्याचा सल्ला दिला. ४००, ५००, १००० वर्षे असे निरनिराळे हिशेब त्याच्या काळीही प्रचलित होते. पुढे १५१६ मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेने न्यायाच्या दिवसाची वा ख्रिस्तविरोधकाच्या आगमनाची निश्चित वेळ सांगण्यास धर्मोपदेशकांना मनाई केली.

५.
आता मिलरकडे वळू. जन्म १७८२. शेतकरी, आणि १८१२ च्या इंग्लंड-अमेरिका युद्धातील सैनिक. तरुणपणी तो ईश्वर मानणारा, पण धर्मग्रंथ न मानणारा होता. १८१६ च्या सुमारास तो बाप्टिस्ट श्रद्धेकडे परतला आणि केवळ बायबल व त्याची शब्दसूची हाताशी घेऊन एकेक वचन तपासत बसला.

६.
त्याचे गणित असे : दानीएलाच्या ग्रंथात (८:१४) २३०० दिवसांनंतर पवित्रस्थान शुद्ध होईल, असे म्हटले आहे. भविष्यवाणीतील एक दिवस म्हणजे एक वर्ष, हे जुने गृहीतक त्याने स्वीकारले. आरंभ धरला इ.स.पू. ४५७, म्हणजे पारसीक राजा अर्तहशश्त याच्या यरुशलेमविषयीच्या हुकुमाचे वर्ष. २३०० वजा ४५७ म्हणजे १८४३. पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी आणि तिची शुद्धी म्हणजे ख्रिस्ताचे पुनरागमन, असा अर्थ त्याने लावला.

७.
हा निष्कर्ष त्याला १८१८ मध्येच गवसला होता; परंतु जाहीर उपदेश त्याने १८३१ मध्ये सुरू केला. मधली वर्षे स्वतःच्याच मतावरील आक्षेप शोधण्यात गेली. उपदेशातही तो ‘सुमारे १८४३’ असेच म्हणे. या ‘सुमारे’ शब्दात चूक मान्य करण्यास वाव होता.

८.
१८३९ मध्ये बॉस्टनचा पाळक जोशुआ हाइम्स त्याला भेटला आणि चळवळीचे रूप पालटले. १८४० मध्ये ‘साइन्स ऑफ द टाइम्स’ हे नियतकालिक निघाले. पुढे प्रचंड तंबू आले. १८४२ मध्ये दानीएलाच्या स्वप्नांतील पशू आणि शेजारी वर्षांचे आकडे दाखवणारा तक्ता छापला गेला. भिंतीवर टांगलेल्या तक्त्यात ‘सुमारे’ला जागा उरत नाही.

९.
विरोधी युक्तिवादही उपलब्ध होता. प्रॉव्हिडन्सचा बाप्टिस्ट पाळक जॉन डाउलिंग याने १८४० मध्येच मिलरचे खंडन करणारे पुस्तक लिहिले. अँडोव्हरचे प्राध्यापक मोझेस स्टुअर्ट यांनी १८४२ मध्ये दाखवून दिले की दानीएलातील दिवस हे साधे दिवस असून त्यांचा संबंध अँटायोकस एपिफेनीस या प्राचीन राजाच्या काळाशी आहे.

१०.
१८४३ च्या उन्हाळ्यात निर्णायक वळण आले. चार्ल्स फिच या उपदेशकाने प्रस्थापित चर्चसंस्थांना ‘बाबेल’ ठरवून त्यांतून बाहेर पडण्याची हाक दिली. मिलरला ही फारकत रुचली नव्हती, तरीही असंख्य अनुयायी बाहेर पडले. त्याच क्षणी त्यांना ‘थांबा, पुन्हा तपासा’ असे म्हणणारा शेजारीच उरला नाही.

११.
मिलरने ठरवलेली शेवटची मर्यादा, २१ मार्च १८४४, सरली. त्याने चूक कबूल केली, पण वाट पाहणे सुटले नाही. ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशायरमधील एक्सेटरच्या तंबू-मेळाव्यात सॅम्युएल स्नोने नवा हिशेब मांडला : इसवी सनात शून्य वर्ष नसल्यामुळे १८४४ हेच खरे वर्ष, आणि करैत यहुद्यांच्या पंचांगानुसार प्रायश्चित्ताचा दिवस म्हणजे २२ ऑक्टोबर.

१२.
अनुयायी पेटून उठले. नेते मात्र कचरत होते. अखेर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मिलरनेही तारीख स्वीकारली. एवढ्या लोकांचा उत्साह त्याला ईश्वरी कार्याची खूण वाटला. तेरा वर्षे पुरावा तोलून मग बोललेला माणूस या वेळी गर्दीच्या तळमळीलाच पुरावा मानून बसला.

१३.
निराशेनंतर वाटा फुटल्या. काहींनी श्रद्धाच सोडली. काहींनी नव्या तारखा काढल्या. काहींनी तारीख बरोबर, पण घटना स्वर्गात घडली, असा अर्थ लावला. या शेवटच्या गटातून १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्च संघटित झाले. पुण्याचे स्पायसर विद्यापीठ याच चर्चचे. पुनरागमनाची तारीख न ठरवणे, हा धडा या चर्चने घेतला.

१४.
मिलरने १८४५ मध्ये आपले निवेदन प्रसिद्ध करून कालगणनेतील चूक मान्य केली. ख्रिस्त लवकर येईल, ही श्रद्धा त्याने सोडली नाही. त्याच्याच गावच्या बाप्टिस्ट मंडळीने त्याला वगळले. १८४९ मध्ये तो वारला.

१५.
एक इशारा इतिहासप्रेमींसाठीही. मिलरवादी शुभ्र झगे घालून टेकड्यांवर व छपरांवर चढले होते, ही कथा पुष्कळ पुस्तकांत आढळते. १९४४ मध्ये फ्रान्सिस निकोल या ॲडव्हेंटिस्ट लेखकाने समकालीन कागदपत्रे चाळली, तेव्हा तिला भक्कम आधार मिळाला नाही. खिल्ली उडवणाऱ्यांनीही ऐकीव गोष्टच खरी मानली होती.

१६.
तारीख सांगू नये, हे वचन मिलरवाद्यांना तोंडपाठ होते. दिवस व घटका कळत नाही, वर्ष मात्र कळू शकते, असा त्याचा अर्थ लावून त्यांनी पळवाट काढली होती. वचन पाठ असल्याने कोणी वाचले नाही. जोवर आक्षेप घेणारा माणूस सोबत होता आणि ‘सुमारे’ हा शब्द शाबूत होता, तोवरच सावधपणा टिकला. (समाप्त)