ओझिमँडियास : वाळवंटातला राजा आणि टीव्हीवरचा मास्तर

‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकी मालिकेचा ‘ओझिमँडियास’ हा भाग १५ सप्टेंबर २०१३ रोजी प्रसारित झाला. केमिस्ट्रीचा मास्तर वॉल्टर व्हाइट अमली पदार्थ बनवून गडगंज होतो. या भागात वाळवंटात पुरलेला त्याचा पैसा लुटला जातो, साडू डोळ्यांदेखत मारला जातो आणि हाती उरते नोटांचे एक पिंप. नाव मात्र इजिप्तच्या राजाचे!

ओझिमँडियास म्हणजे फॅरो रामसेस दुसरा. त्याच्या राज्यनामाचा हा ग्रीक अपभ्रंश. त्याच्या पुतळ्यावरचा घमेंडखोर लेख ग्रीक इतिहासकार डायोडोरसने नोंदवून ठेवला होता. १८१६मध्ये बेल्झोनी या इटालियनाने (हा आधी ताकदीचे खेळ करायचा) रामसेसच्या पुतळ्याचा सात टनांहून जड वरचा भाग मजुरांकरवी नाईलपर्यंत ओढून नेला. तो लंडनला पोहोचण्यापूर्वीच, जानेवारी १८१८मध्ये, शेलीची कविता छापून आली. मित्र होरेस स्मिथशी स्पर्धा लावून त्याने ती लिहिली होती. स्मिथची कविता आज कुणी वाचत नाही, पण मला तिचे धाडस मोठे वाटते. तिच्यात उद्ध्वस्त होऊन गेलेले लंडन आहे. आणि हे कधी? ज्या वर्षी इंग्रजांनी पेशवाई बुडवली, त्याच वर्षी!

मालिकेत कवितेची एकही ओळ म्हटली जात नाही. वॉल्टर पिंप ढकलत चालतो, तेव्हा वाळूत एक पँट पडलेली दिसते. पहिल्या भागात त्याने गमावलेली तीच. शेलीच्या कवितेत धडाविना उभे असलेले दगडी पाय आहेत. माझ्या मते ही पँट म्हणजे तेच पाय.

आपल्या वाचकांना इथे फिरऔन आठवणारच. रामसेसची ममी म्हणजेच फिरऔनचा देह, असे आपल्याकडे बेधडक सांगितले जाते. सूरह यूनुसमध्ये त्याचा देह मागच्यांसाठी निशाणी म्हणून राखण्याची गोष्ट आहे, पण कुरआनने त्या राजाचे नाव कुठेच दिलेले नाही. मूसांच्या काळी कोणता फॅरो होता, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. जे कुरआनने सांगितले नाही, ते त्याच्या नावावर खपवू नये. उद्या एखाद्या उत्खननाने ओळख बदलली, तर मुलांना काय सांगणार?

१९७६मध्ये ती ममी पॅरिसला न्यावी लागली होती. तिला बुरशी लागली होती.