पाण्यातला रंगमंडप

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना आपण सांगलीपासून सुरुवात करतो. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केले, पुढे नाटक मंडळ्या निघाल्या, मुंबई-पुण्यात नाटकगृहे उभी राहिली, आणि निजामाच्या अमलाखालच्या मराठवाड्यात हे सारे फार उशिरा आले, असा तो क्रम. या हिशेबात बीड जिल्ह्याच्या वाट्याला शेवटचे पान येते. नाट्यगृह म्हणजे पडदा, विंगा, खुर्च्या आणि तिकीटखिडकी एवढेच धरले, तर हा क्रम बरोबर आहे. पण नृत्य, गायन आणि वादन यांच्यासाठी मोजून-मापून बांधलेली जागा हा अर्थ घेतला, तर बीडचे पान कित्येक शतके आधी उघडावे लागते. बीड शहराच्या पूर्वेला तळ्याच्या मधोमध कंकालेश्वराचे मंदिर उभे आहे. त्याच्याकडे आपण देऊळ म्हणून पाहतो, महाशिवरात्रीच्या जत्रेची जागा म्हणून पाहतो. पाण्यात बांधलेले रंगस्थळ म्हणूनही त्याच्याकडे पाहायला हवे, असे मला वाटते.

आधी वास्तू पाहू. मंदिर काळ्या दगडाचे आहे, त्याची आखणी तारकाकृती आहे. बाहेरच्या अंगाला देवदेवता आहेत, सुरसुंदरी आहेत, आणि सहसा न दिसणाऱ्या शस्त्रधारी लढवय्या स्त्रियाही आहेत. गाभारे तीन असून ते एकाच मंडपाभोवती आहेत. एका गाभाऱ्याच्या देवळात मंडप ही देवापर्यंत जाण्याची वाट असते. तीन गाभाऱ्यांच्या देवळात मात्र मंडप हेच सगळ्या इमारतीचे केंद्र ठरते, कारण तिन्ही देवांची दृष्टी तिथे येऊन मिळते. दख्खनच्या देवळांतले असे मंडप जवळून पाहिले की शिल्पी कशाला महत्त्व देत होता ते कळते. मधल्या खांबांमधले अंतर इतर खांबांपेक्षा जास्त ठेवलेले असते, त्या मोकळ्या जागेत जमिनीपासून किंचित उंच रंगशिळा बसवलेली असते, आणि वरच्या छताचे सर्वांत नाजूक कोरीवकाम नेमके तिच्या डोक्यावर येते. नुसती ये-जा करण्यासाठी कोणी एवढी योजना करत नाही.

ही योजना कशासाठी होती, याचा पुरावा शिल्पापेक्षा दानलेखांत अधिक स्पष्ट मिळतो. कल्याणीचे चालुक्य आणि देवगिरीचे यादव यांच्या काळात देवळांना जमिनी आणि उत्पन्ने दिली जात, तेव्हा ती कशासाठी हे लिहून ठेवत. ‘अंगभोग’ आणि ‘रंगभोग’ ही जोडी अशा लेखांत पुन्हा पुन्हा येते. अंगभोगात देवाचे स्नान, गंध, वस्त्र, नैवेद्य. रंगभोगात मंडपातले नृत्य, गीत आणि वाद्य. म्हणजे नाचणारी, गाणारा आणि मृदंग वाजवणारा यांच्या पोटापाण्याची सोय दिवाबत्तीइतकीच नियमित होती. प्रयोगाची जागा, प्रयोगाची वेळ आणि कलावंताचे वेतन या तिन्ही गोष्टी जिथे ठरलेल्या असतात, त्या व्यवस्थेला प्रयोगसंस्था म्हणायला काय हरकत आहे?

कंकालेश्वर नेमके कधी बांधले याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. बांधणीवरून ते यादवकालीन, बहुधा सिंघण यादवाच्या कारकिर्दीतले (१२१० ते १२४७) मानले जाते. ही कारकीर्द मला या संदर्भात फार बोलकी वाटते. याच सिंघणाच्या दरबारी शार्ङ्गदेव हा हिशेबखात्याचा अधिकारी होता. काश्मीरहून दक्षिणेत आलेल्या घराण्यातल्या या माणसाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात स्वर, राग, प्रबंध, ताल, वाद्य हे अध्याय आहेतच, पण सातवा अध्याय नर्तनाचा आहे. नृत्याशिवाय संगीत पुरे होत नाही, ही त्याची भूमिका. याच सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचा आजच्या बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईशी जवळचा संबंध होता. तिथल्या सकलेश्वर मंदिराचा लेख १२२८ चा आहे, आणि खोलेश्वराची मुलगी लक्ष्मी हिने दिवंगत भावाच्या स्मरणार्थ १२४० मध्ये देऊळ उभारले. सकलेश्वराचा आज डोळ्यांत भरतो तो मंडपाचा भाग. लोक त्याला बाराखांबी म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यात कृष्णाकाठी खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात सिंघणाचा लेख आहे. तिथल्या स्वर्गमंडपाला ४८ खांब, मध्ये गोल शिळा आणि तिच्यावर छताऐवजी तेवढेच गोल उघडे आकाश. ग्रंथ, दान आणि मंडप एकाच राज्यात एकमेकांशेजारी आहेत. ते एकमेकांना अनोळखी होते असे मानणे कठीण आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: हे पुरावे आजूबाजूचे आहेत, खुद्द कंकालेश्वराचे नाहीत, आणि मंडपातले नृत्य देवासाठी होते, प्रेक्षकांसाठी नव्हे. पहिली गोष्ट मान्य. माझे विधान अनुमान आहे, आणि ते तसेच वाचावे. पण ते एकाकी अनुमान नाही. त्याच काळच्या, त्याच घडणीच्या वास्तूंचा वापर लेखांतून कळत असताना, हीच तेवढी अपवाद होती असे म्हणणाऱ्यानेच कारण द्यायला हवे. दुसरी गोष्ट अर्धीच खरी आहे. नृत्य देवासमोर होई, पण मंडपात माणसे असत. कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात गीत, वाद्य आणि नृत्य हे विनोद म्हणून, म्हणजे रसिकाच्या आनंदाचे विषय म्हणून वर्णिले आहेत. भक्ती आणि रसिकता यांच्यामध्ये आपण घालतो ती भिंत त्या काळाने घातलेली नव्हती.

दुसरा आक्षेप पाण्याविषयीचा आहे. पाणी तीर्थ म्हणून असणार, त्याचा रंगमंडपाशी काय संबंध? बांधकामाच्या बाजूने विचार केला की उत्तर वेगळे दिसते. खिद्रापूरला कृष्णा आयती होती. बीडची बिंदुसरा पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात आटणारी नदी. इथे देवळाभोवती पाणी हवे असेल तर ते राखण्याची सोय करावी लागते. आज आपल्याला तळे आधी आणि देऊळ नंतर असे भासते, पण कामाचा क्रम उलटाच असणार: कोरड्या हंगामात खोदाई, मग जोते, मग चिरा चिऱ्यात अडकवत वर चढणारे चुन्याशिवायचे बांधकाम, आणि पाणी सर्वांत शेवटी. बेसॉल्टसारखा घट्ट दगड आणि सांध्यात चुना नाही, ही पद्धत सतत ओलीत उभे राहायला सोयीचीच. पुढे १५८२ मध्ये याच बीडजवळ निजामशाही सरदार सलाबतखानाच्या काळात खजिना विहीर बांधली गेली, जिचे पाणी भुयारी पाटातून शेतांना जाते. पाणी धरून ठेवण्याचे कसब या कोरड्या मुलखाने गरजेतून कमावले होते.

असे कष्टाने आणलेले पाणी तीर्थ असेलच, पण त्याने आणखी काही कामेही केली असणार. त्याने गर्दी, जनावरे, बाजार यांना मंडपापासून दूर ठेवले. उन्हाच्या तडाख्यातल्या गावात दगडी मंडप गार ठेवायला मदत केली. आणि ध्वनीसाठी सपाट, कठीण पृष्ठभाग दिला. संध्याकाळी पाण्यावरची हवा गार होते तेव्हा आवाज वर विरून न जाता खाली वळतो आणि काठापर्यंत स्पष्ट पोहोचतो, असे भौतिकशास्त्र सांगते. शिल्प्याने ते सूत्रात मांडले नसेल, पण काठावर बसून ऐकणाऱ्याला ते कळले नसेल असे नाही. पाण्याजवळची आधुनिक रंगमंदिरे आपल्याला ठाऊक आहेत. सिडनीचे ऑपेरा हाउस १९७३ मध्ये बंदराच्या टोकावर उभे राहिले. मुंबईचे राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र समुद्र मागे हटवून केलेल्या नरिमन पॉइंटच्या भरावावर आहे. त्या दोन्ही ठिकाणी इमारत पाण्याकडे गेली. बीडमध्ये पाणी इमारतीकडे आणले गेले, आणि मला हे धाडस कमी प्रतीचे वाटत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. या मंडपांत सर्वांना प्रवेश नव्हता. जातीने कित्येकांना बाहेर ठेवले होते, आणि देवाच्या सेवेत वाहिलेल्या नर्तकींच्या आयुष्यात कलेइतकीच परवशताही होती. दान देणाऱ्यांची नावे दगडावर राहिली, नाचणाऱ्या बहुतेकींची राहिली नाहीत. हे झाकून गौरव करणे अप्रामाणिक होईल. आजचे साधे सभागृहसुद्धा या एका बाबतीत त्या मंडपापेक्षा श्रेष्ठ आहे. यादवांचे राज्य १३१८ मध्ये संपले, रंगभोगाची दाने आटली, आणि प्रयोग मंडपाबाहेर आला: अंबाजोगाईच्या योगेश्वरीच्या दारातला गोंधळ, संतांच्या गडागडांवरची आणि नदीच्या वाळवंटातली कीर्तने. वारकऱ्यांनी वाळवंट निवडले ते तिथे उंबरा नव्हता म्हणून. पाण्याकाठी गाण्याची रीत त्यांनी राखली आणि भिंत तेवढी काढून टाकली, असा मी या बदलाचा अर्थ लावतो.

कंकालेश्वराविषयी अजून करण्यासारखे पुष्कळ आहे. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या इतिहास आणि स्थापत्य विभागांनी मिळून मंडपाचा अचूक आराखडा काढावा, तळे भरलेले असताना आणि पाणी खाली गेलेले असताना मध्यभागीचा आवाज काठावर किती पोहोचतो ते मोजावे, आणि मोजमापे मराठीत छापावीत. माझे अनुमान त्यात टिकले नाही तर ते सोडून द्यावे. पण तोवर तळ्यातले पाणी स्वच्छ आणि पुरेसे राखण्याची जबाबदारी बीडकरांनी आणि नगरपालिकेने घ्यावी.