शाळेत टिकवणारी माणसे

शिक्षणाचा इतिहास सांगताना शाळा कोणी काढली, कोणत्या साली काढली आणि पहिला पदवीधर कोण झाला, एवढेच सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. पण गावकुसाबाहेरचे पोर शाळेत गेले म्हणजे ते शिकले, असे कधीच घडलेले नाही. पोराचे नाव पटावर चढणे ही एक गोष्ट आणि त्याने दहावीपर्यंत, पदवीपर्यंत तग धरणे ही निराळीच गोष्ट. पहिलीला कायदा पुरतो. दुसरीला माणसे लागतात. पोटात भाकरी घालणारी, ताप आला तर उशाशी बसणारी, वर्गात पाणउतारा झाला तर पाठीशी उभी राहणारी. आज शासनाच्या परिपत्रकांत समुपदेशन, साहाय्य, विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य असे शब्द येतात तेव्हा वाटते, जणू ही बाब कालपरवाच कोणाला सुचली. प्रत्यक्षात सामाजिक परिवर्तनाच्या चळवळींनी ही व्यवस्था दीडशे वर्षांपूर्वीच उभी करायला घेतली होती. तिचा इतिहास लिहिला गेला नाही, कारण ती चालवणाऱ्यांत स्वयंपाकिणी होत्या, गृहपाल होते, कार्यकर्त्यांच्या बायका-बहिणी होत्या. भाषणे करणाऱ्यांची नावे राहिली, भाकऱ्या थापणाऱ्यांची गेली.

मी पेठचा. पुणे-नाशिक रस्त्यावर खेडचा घाट चढून आले की आमचे गाव लागते. पुढे मंचर, पश्चिमेला घोडेगाव आणि त्यामागे सह्याद्रीच्या कुशीतले आदिवासी पाडे, उत्तरेला जुन्नर. या जुन्नर तालुक्यातल्या ओतुराहून २० एप्रिल १८७७ रोजी सावित्रीबाईंनी जोतीरावांना एक पत्र लिहिले. मुलूख दुष्काळाने होरपळत होता. माणसे गाव सोडून चालली होती, जनावरे मरत होती, सावकार अडलेल्यांना नाडत होते. अशा वेळी सत्यशोधक मंडळी लोकांना धीर देत, मदतीची व्यवस्था लावत हिंडत होती आणि सावित्रीबाई त्यांच्यात होत्या. दुष्काळात अन्नाला मोताद झालेल्या मुलांसाठी त्याच वर्षी धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला गेला.

या घटनेकडे आपण दुष्काळनिवारण म्हणून पाहतो आणि पुढे जातो. मला ती शिक्षणाच्या इतिहासातली घटना वाटते. १८४८ पासून मुलींना आणि पुढे महार-मांगांच्या मुलांना शिकवणारी बाई एकोणतीस वर्षांनंतर मुलांच्या पोटाची चिंता वाहत गावोगाव फिरते, यात तिने काम बदललेले नाही. उपाशी मुलाला अक्षर लागत नाही, हे तिला पोथीतून कळले नव्हते. याच शाळांतून शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला. शिकलेल्या मुलीच्या हातून पहिल्याप्रथम आपल्या समाजाचे दुःख कागदावर उतरावे, यात त्या शाळेतल्या वातावरणाचा वाटा मोठा होता. जिथे मूल भीत नाही तिथेच ते असे लिहिते.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन ठेवले त्यातही ही दृष्टी आहे. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी सर्वांना पाठ आहे. पण शिक्षक कसा असावा याविषयी ते जे म्हणाले तिकडे फारसे लक्ष जात नाही. नांगराची मूठ किंवा सुताराचे हत्यार हाती धरायला ज्याला लाज वाटणार नाही आणि खालच्या थरातल्या लोकांत जो मोकळेपणाने मिसळेल, असा शिक्षक त्यांना हवा होता. म्हणजे शिकवण्याआधी त्याला मुलाच्या घरात जाता आले पाहिजे. शाळा आणि घर यांच्यामधली दरी मुलाने एकट्याने ओलांडावी, अशी अपेक्षाच त्यांनी केली नाही.

पुढच्या पिढीत ही दरी बुजवण्याचे साधन झाले वसतिगृह, आपल्या लोकांच्या तोंडी ‘बोर्डिंग’. शाहू महाराजांनी १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू केले. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली, तेव्हा त्यांची बहीण जनाबाई त्या कामात उतरली. बाबासाहेबांनी जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि तिच्या पहिल्या कामांपैकी एक होते १९२५ साली सोलापुरात उघडलेले विद्यार्थी वसतिगृह. सरकारी शाळांची दारे कागदोपत्री उघडी होत होती. मग शाळेऐवजी बोर्डिंग का? कारण खेड्यातला पोर तालुक्याला आला तर त्याला भाड्याने खोली कोण देणार होते? खाणावळीत कोण जेवू घालणार होते? रात्री दिवा कोठे होता? शाळेने जे द्यायचे ठरवले होते ते घेण्याइतके बळ मुलात आणण्याची जबाबदारी वसतिगृहाने उचलली.

या वसतिगृहांची कहाणी पैशाच्या चणचणीची आहे, तशीच ती बायकांच्या त्यागाची आहे. बळवंतराव वराळे चालवत असलेल्या धारवाडच्या वसतिगृहात पैशाअभावी चूल पेटेना, तेव्हा माता रमाईंनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, ही हकिकत आपल्या वस्त्यांत घरोघर सांगितली जाते. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ साली सुरू केलेल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवत. त्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आपण या गोष्टी गहिवरून सांगतो आणि मोकळे होतो. त्यातला हिशोब मात्र विचारत नाही. जे काम समाजाच्या आणि सरकारच्या तिजोरीतून व्हायचे, ते दोन बायकांच्या अंगावरच्या सोन्यातून का करावे लागले?

१९५० साली औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय उभे राहिले. पुढे ते ‘मिलिंद’ म्हणून नावारूपाला आले. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून आलेली मुले तिथल्या वसतिगृहांत राहिली, भांडली, वाचू लागली, लिहू लागली. दलित साहित्याची एक अख्खी पिढी त्या परिसराने घडवली. वर्गातल्या व्याख्यानांइतकाच त्यात रात्रीच्या खोल्यांतल्या चर्चांचा हात होता. आपल्यासारखाच दुसरा कोणी आहे, हे कळल्यावर माणसाला कंठ फुटतो.

हे मी ऐकीव म्हणून सांगत नाही. माझ्या घरात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत पोचले नव्हते. शाळेत असताना शिष्यवृत्तीच्या मुलांना जातीचे नाव घेऊन उभे केले जाई आणि बाकीचा वर्ग मागे वळून बघे. त्या दिवसांत शाळा सोडावी असे किती वेळा मनात आले, त्याची मोजदाद नाही. पुढे वसतिगृहात आलो. तिथल्या स्वयंपाकाच्या मावशी परीक्षेच्या दिवसांत रात्री जागणाऱ्यांसाठी दुरडीत भाकरी झाकून ठेवत. वरच्या वर्गातला एक मुलगा आम्हा पाच-सहा जणांना रोज तासभर इंग्रजी शिकवी. शिष्यवृत्ती वर्ष संपून गेल्यावर येई, तोवर गृहपाल दुकानदाराकडे शब्द टाकत. या तिघांपैकी एकाच्याही कामाची नोंद कोणत्या अहवालात नाही. पण त्यांतला एक जरी नसता तरी मी आज महाविद्यालयात शिकवत नसतो.

आता वर्तमानाकडे येऊ. १९९५ साली शालेय पोषण आहाराची योजना आली, तेव्हा कित्येक राज्यांत हजेरीच्या हिशोबाने मुलांच्या हाती महिन्याला ३ किलो धान्य दिले जात असे. ते धान्य घरी जाई आणि सगळ्या घराच्या भुकेत विरघळून जाई. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेले अन्नच द्या, असा आदेश दिला. पोते आणि ताट यांतला फरक न्यायालयाला कळला. ताट आले म्हणजे शाळेत चूल आली, चुलीपाशी बाई आली, कोण उपाशी आहे हे पाहणारे डोळे आले. त्या बाईचे मानधन केंद्राने २००९ मध्ये ठरवले ते महिना १,००० रुपये आणि तेही वर्षाचे १० महिने!

आणि एवढे कळूनही २०१८ साली उलटी वाट धरली गेली. शहरांतल्या आदिवासी वसतिगृहांची खाणावळ बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या बँक खात्यावर टाकण्याचा निर्णय झाला. जुलै महिन्यात आदिवासी विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. नाशिकला पोचण्याआधीच पोलिसांनी तो अडवला. पैसे वेळेवर पडत नाहीत, अभ्यासाचा वेळ जेवण शोधण्यात जातो, अशी त्यांची तक्रार होती. अनुसूचित जातींच्या ज्या मुलांना वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. तिचा आधार अनेकांना झाला, हे मान्य केले पाहिजे. पण पुरेशी वसतिगृहे बांधली नाहीत, याची कबुलीही त्या योजनेतच आहे.

कोणी म्हणेल, खाणावळीत ठेकेदार खातो, गृहपाल दरारा गाजवतो, त्यापेक्षा रोख रक्कम बरी. ठेकेदार खातो हे खरेच आहे. पण मग खाणावळ मुलांच्या समितीच्या ताब्यात द्या, चूलच का विझवता? रकमेला डोळे नसतात. आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंचा विचार करणाऱ्या डॉ. सुभाष साळुंखे समितीने २०१६ साली अहवाल दिला. तशी समिती नेमण्याची पाळी आली यावरूनच, आजारी पोराकडे वेळेवर पाहणारे माणूस जवळ नसले की काय होते, हे ध्यानात यावे.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे सांगितले आहे. आपल्या किती वस्त्यांतल्या बायकांना ती समिती ठाऊक आहे? सही नव्हे, शब्द चालतो का त्यांचा? कार्यकर्त्यांनी आंबेगाव-जुन्नरच्या गावागावांत जाऊन आधी हे विचारावे. गृहपालाचे पद रिकामे असेल तर ते भरण्यासाठी भांडावे. स्वयंपाकिणीला मानधन नको, पगार द्या, ही मागणी शिक्षकांच्या संघटनांनी आपली मानावी. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या तालुक्यातल्या जुन्या बोर्डिंगात कोण राबले, कोणी रांधले, कोणी शिकवले, ते विचारून लिहून काढा. ती माणसे आता थकली आहेत. त्यांच्या पाठोपाठ त्यांची आठवणही गेली, तर उद्या चूल विझवणाऱ्यांना ‘इथे कधी चूल नव्हतीच’ असे म्हणायला मोकळीक मिळेल.